पेटी वाजवणाऱ्यांसाठी युकुलेले: प्रकल्प नोंदी, ठाणे, मे ते ऑक्टोबर २०२५

४ मे, रविवार

मी पेटी वाजवते. वर्गात मुलांना साथ, महिला मंडळाचं भजन, गणपतीतल्या आरत्या, कुणाकडे सत्यनारायण असला की दोन-तीन अभंग. या वर्षी दुसरं वाद्य म्हणून युकुलेले, म्हणजे गिटारसारखं चार तारांचं छोटं वाद्य, घ्यायचं ठरवलं आहे आणि त्यामागे मजा हा एकच हेतू आहे. पेटीवर बसलं की गाणाऱ्याची पट्टी सांभाळायची, त्याचा श्वास ओळखायचा, तो कुठे चुकला तर सावरून घ्यायचं. त्यातला आनंद मोठा आहे, पण जबाबदारीही आहे. मला असं काहीतरी हवं आहे जे रात्री साडेदहाला बिल्डिंगमध्ये कुणाची झोपमोड न करता मांडीवर घेता येईल, आणि जे वाजवताना मी कुणाची साथीदार नसेन.

गिटारवरून येणाऱ्यांसाठी माहिती पायलीला पन्नास मिळते. पेटीवाल्यांचं गणित वेगळं आहे. आपल्याला स्वर ओळखता येतात, पट्टी बदलता येते, ठेका अंगात असतो. पण आपला डावा हात जन्मभर भाता मारत आला आहे. त्याने कधी एक स्वर दाबलेला नाही. युकुलेलेवर स्वर धरायचं काम नेमकं त्याच हाताकडे येतं, आणि तयार झालेला उजवा हात फक्त ठेका देतो. म्हणून या नोंदी.

आजचं काम आकार ठरवण्याचं. सोप्रानोच्या तारेची लांबी साधारण ३५ सेंमी, कॉन्सर्टची ३८, टेनरची ४३. तिन्ही एकाच सुरात लावतात. बॅरिटोन मात्र वेगळ्या सुरात लागतं, गिटारच्या शेवटच्या चार बारीक तारांसारखं, त्यामुळे ते बाद. सोप्रानोवर पहिल्या तीन फ्रेटमध्ये (फ्रेट म्हणजे मानेवरची धातूची आडवी पट्टी) माझी तीन बोटं दाटीवाटीने बसत होती. टेनर छान वाटलं पण किंमत वर जाते. कॉन्सर्ट पक्कं केलं.

लाकडाचा निर्णय हवेने केला. अखंड लाकडाचं वाद्य आवाजाला सरस असतं, पण त्याला हवेतली आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांच्या आसपास मानवते. जुलैत ठाण्यात ते कुठून आणायचं? थरांचं, म्हणजे लॅमिनेटचं घेणार.

११ मे, रविवार

घेतलं. लॅमिनेटचं कॉन्सर्ट ₹४,२००, चिमटा ट्यूनर ₹३५०. दुकानात तीन गोष्टी पाहून घ्या. खुंट्या दात्यांच्या असाव्यात, नुसत्या घर्षणावर टिकणाऱ्या नकोत. फ्रेटची टोकं मानेच्या कडेला बोटाला टोचता कामा नयेत. आणि खुली तार व बाराव्या फ्रेटवरची तीच तार, हे बरोबर सा आणि तार सा लागले पाहिजेत. ही शेवटची परीक्षा पेटीवाला डोळे मिटून घेऊ शकतो. मी बाजूला ठेवलेल्या वाद्यांपैकी बहुतेक तिथेच नापास झाली.

तारा जी, सी, ई, ए. पांढरी एकचा, म्हणजे पेटीवरच्या सीच्या पट्टीचा, सा धरला तर पंचम, षड्ज, गंधार, धैवत. आपल्याला गोंधळात टाकणारी गोष्ट अशी की चौथी तार (छातीकडची) तिसरीपेक्षा खालची नाही, वरची आहे. पेटीवर डावीकडून उजवीकडे स्वर चढत जातात, ही सवय इथे मोडते. सगळ्यांत खालचा स्वर तिसऱ्या तारेचा, म्हणजे मध्य सप्तकातला सी. हे आजच लिहून ठेवते, कारण पुढे यातून काहीतरी निघणार असं दिसतंय.

सूर लावला, चहा ठेवायला गेले, परत आले तर चारही तारा उतरलेल्या.

१८ मे

तारा अजून उतरताहेत. नायलॉनसारख्या तारा नव्या असताना ताणल्या जात राहतात. वाद्यात दोष नाही. रोज सूर लावून बाराव्या फ्रेटजवळ तार हलकेच वर ओढायची आणि पुन्हा लावायची, एवढाच इलाज. पेटीला वर्षातून एकदा ट्यूनिंगवाल्यांकडे नेणाऱ्या माणसाला हे जड जातं. पण याचा एक फायदा मिळाला. दर वेळी बसण्याआधी सूर लावावा लागतो, म्हणून कान आपोआप जागा होतो.

सोबत आलेल्या तारा मंद वाटल्या. बदलायच्या आहेत.

२५ मे, रविवार

फ्लुओरोकार्बनचा संच आणला, ₹६००. बसवताना अख्खी दुपार गेली, कारण पहिली तार ब्रिजमधून (वाद्याच्या पोटावर तारा जिथे बांधतात ती पट्टी) निसटत राहिली. ती सगळ्यांत बारीक आणि गुळगुळीत असते. तिला एक वेढा पुरत नाही. तार ब्रिजच्या भोकातून मागे काढा, स्वतःभोवती वळवून दोन वेढे द्या, आणि मोकळं टोक ब्रिजच्या मागच्या कडेखाली दाबलं जाईल असं ठेवून मग ताणा. टोक वरच राहिलं तर गाठ धरत नाही आणि ताण आला की सटकते. बाकीच्या तिघींना एक-दीड वेढा पुरला.

तारा चांगल्या झाल्यावर जे आतापर्यंत नीट कळत नव्हतं ते कळलं. सी कॉर्ड, म्हणजे एकदम छेडायचा स्वरांचा गुच्छ, (०००३, चौथ्या तारेकडून पहिलीकडे वाचायचं; आकडा म्हणजे दाबायचा फ्रेट, ० म्हणजे खुली तार) सुरेल. ए मायनर (२०००) सुरेल. एफ (२०१०) वाजवला की कानाला टोचतं. बोटं नीट आहेत, तारा लावलेल्या आहेत, तरी बेसूर. ट्यूनर लावून एकेक तार पाहिली तर दुसरी तार खुली अगदी बरोबर, आणि पहिल्या फ्रेटवर तीच वीस सेंटांहून जास्त चढी. शंभर सेंट म्हणजे एक पट्टी, त्यामुळे वीस सेंट पेटीवाल्या कानातून सुटणं शक्य नाही.

कारण नट. मानेच्या वरच्या टोकाला तारा ज्या पट्टीच्या खाचांतून जातात ती पट्टी. खाचा उथळ असल्या की तार पहिल्या फ्रेटपासून उंच राहते, दाबताना जास्त ताणली जाते आणि स्वर चढतो. तपासायची रीत सोपी आहे. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा आणि पहिल्या फ्रेटवर किती फट राहते ते बघा. कागद जेमतेम जावा. माझ्या वाद्यात व्हिजिटिंग कार्ड आरामात जात होतं.

नवशिक्यांना हे कुणी सांगत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. किती जणांनी "आपल्याला सूर जमत नाही" असं ठरवून वाद्य कपाटावर टाकलं असेल.

७ जून

यंदा पाऊस २६ मेलाच मुंबईत येऊन बसला. त्यात वाद्य प्लास्टिकमध्ये गुंडाळून कळव्याला नेलं. तिथले काका मूळचे सतार-तंबोऱ्याचे, आता गिटारही करतात. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "ताई, तारा ह्याच राहणार ना? नंतर जाड लावल्यात तर खाच पुन्हा करावी लागेल." तेव्हा क्रम लक्षात ठेवा: आधी तारा, मग नट.

त्यांचं काम जवळून पाहिलं. तार सैल करून बाजूला घेतली, बारीक गोल कानशीने खाचेत दोन-तीन हलके हात, तार परत जागेवर, सूर लावला, ट्यूनर पाहिला. पुन्हा तेच. खाच सपाट नव्हे, तर खुंट्यांच्या बाजूला किंचित उतरती ठेवली, म्हणजे तार नटच्या पुढच्या कडेवरूनच सुटते आणि खाचेत झणझणत नाही. मी म्हटलं, एकदम खोल करून टाका ना. "जास्त गेलं तर परत कुठून आणणार? नवा नट घालावा लागेल." चारही तारांना मिळून तासभर लागला. ₹४००.

घरी येऊन एफ वाजवला. लागला. एक सुरेल एफ ऐकून इतका आनंद होईल असं वाटलं नव्हतं.

१५ जून, रविवार

आता दुसरं टोक. बाराव्या फ्रेटवर तारेची उंची ३.४ मिमी होती, मला २.७च्या आसपास हवी होती. ब्रिजवरची पांढरी पट्टी, सॅडल, खालून घासली की तार उतरते. हिशेब असा की बाराव्या फ्रेटवर जितकी कमी हवी त्याच्या दुप्पट सॅडलमधून काढायची. ०.७ हवी तर १.४ मिमी.

हे घरी केलं. २२० नंबरचा पॉलिश पेपर, काचेचा तुकडा, पेन्सिलची खूण. पण हातात धरून घासल्यामुळे सॅडलचा तळ एका बाजूला जास्त गेला. बसवल्यावर पहिल्या दोन तारा छान आणि तिसरी झणझण करायला लागली. दुरुस्ती: तळ पुन्हा सपाट केला, या वेळी सॅडल एका चौकोनी लाकडी ठोकळ्याला टेकवून, म्हणजे ती काटकोनात राहते. आणि एकूण उंची कमी झाली म्हणून खाली व्हिजिटिंग कार्डाची पट्टी कापून घातली. झणझण गेली. पट्टी अजून तिथेच आहे, आवाजात मला फरक जाणवत नाही. पॉलिश पेपरचे ₹४०.

इथपर्यंत महिना गेला आणि वाजवणं कमी, सुतारकाम जास्त झालं. तरी मी पुन्हा याच क्रमाने जाईन. वाद्य बेसूर असताना रियाज केला तर कान खराब होतो.

२२ जून

बसण्याचा प्रश्न. आपण मांडी घालून बसतो. युकुलेले मांडीत घेतलं की मान खाली झुकते, आणि ती सावरायला डावा हात लागतो. मग तो हात कॉर्ड बदलणार कधी? भात्याच्या सवयीमुळे माझा डावा अंगठा मानेला घट्ट पकडून बसत होता, मनगट दुखायला लागलं. पट्टा लावल्यावर हे एका दिवसात सुटलं. काकांनी मानेच्या बुडाशी बटण बसवलं, ₹१००, पट्टा ₹२५०. खरेदीच्या दिवशीच हे करून घ्या. पट्ट्याशिवाय शिकवणारे पुष्कळ आहेत, मला ते पटलेलं नाही.

बोटांच्या टोकांना खड्डे पडतात, दुखतं, मग कातडी जाड होते. रोज थोडं वाजवलं तर लवकर सरावतं. रविवारी एकदम दोन तास वाजवलं तर सोमवारी हात लावता येत नाही. डाव्या हाताची नखं अगदी मुळापर्यंत कापा.

६ जुलै, आषाढी

सकाळी मंडळाचं भजन, दुपारी सामसूम. युकुलेले घेतलं, डावा हात लावलाच नाही, नुसत्या खुल्या तारा छेडल्या. आणि भूप ऐकू आला.

विचार करा. भूपात पाच स्वर: सा रे ग प ध. खुल्या चार तारा: प सा ग ध. पाचातले चार स्वर वाद्य हात न लावता देतं. राहिला रिषभ, तो तिसऱ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर. तार सा पहिल्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर. संपूर्ण भूप दोन बोटांत. पेटीवर भूप मी लहानपणापासून वाजवत आले, पण तिथे पाच पट्ट्या एकामागून एक येतात. इथे सगळा राग एकदम अंगावर येतो. संध्याकाळपर्यंत खाली ठेवलं नाही.

बाकीचं सप्तकही लिहून ठेवते, पांढरी एक सा धरून. तिसरी तार: खुली सा, १ कोमल रे, २ रे, ३ कोमल ग. दुसरी: खुली ग, १ म, २ तीव्र म, ३ प, ४ कोमल ध. पहिली: खुली ध, १ कोमल नी, २ नी, ३ तार सा. अलंकार याच्यावरच घोटा. कॉर्डच्या आधी. बोटाला घर कळतं.

मग अभंगाखाली सी, एफ, जी घालून पाहिले. नाही पटलं. भूपात मध्यम-निषाद नाहीत, आणि एफमध्ये मध्यम आहे, जीमध्ये निषाद. रागाला सुरुंग लागतो. त्यापेक्षा एक आकार सापडला तो सोन्यासारखा आहे: ००३३. चौथी तार खुली पंचम, तिसरी खुली षड्ज, दुसरी तिसऱ्या फ्रेटवर पंचम, पहिली तिसऱ्या फ्रेटवर तार षड्ज. प सा प सां. एका बोटाने दोन्ही तारा दाबता येतात. हळूहळू एकेक तार छेडत राहिलं की तंबोऱ्याचं काम होतं आणि वर आपण गाऊ शकतो. पेटीवाली गाते कधी? तोंड बहुतेक वेळा गाणाऱ्याकडे असतं. मी या आकारावर स्वतः गायला लागले.

एक प्रयोग फसला. खुला गंधार तंबोऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो. पेटीचाही तसाच, कारण दोन्हीकडे बारा पट्ट्या समान अंतरावर. दुसरी तार १४ सेंट उतरवली. खुला गंधार फार गोड झाला. पण त्याच तारेवरचा पंचम तेवढाच उतरला आणि ००३३ बिघडला. तार परत चढवली.

२० जुलै

उजवा हात. पेटीत उजव्या हाताची पाचही बोटं वेगवेगळी चालतात, इथे मनगट एकच काम करतं. खाली येताना तर्जनीचं नख, वर जाताना त्याच बोटाची पेर. छेडायची जागा मान आणि वाद्याचं पोट जिथे जुळतं तिथे, गोल भोकावर नाही. तिथे आवाज कोरडा येतो.

शिकवणाऱ्या तक्त्यांतले बाण वाचून काही जमेना. ठेक्यात बसवलं आणि जमलं. केरवा आठ मात्रा: १ खाली, २ रिकामी, ३ खाली, ४ वर, ५ रिकामी, ६ वर, ७ खाली, ८ वर. रिकाम्या मात्रेला हात थांबवायचा नाही, तारांना न लागता फिरवायचा. विषम मात्रेला हात खाली जातो, सम मात्रेला वर, हे कधी मोडत नाही. पाचव्या मात्रेला मुद्दाम हात तारांपासून दूर नेऊन फिरवा, तिथेच सगळे अडखळतात. दादरा सहा मात्रा: १ खाली, २ रिकामी, ३ खाली, ४ वर, ५ खाली, ६ वर. तोंडाने "धा धी ना धा ती ना" म्हणत वाजवा.

दादऱ्यात बऱ्याच कोळीगीतांचं झुलणं आपोआप येतं. तिथे सी, एफ, जी (०२३२) अगदी चपखल बसतात. या वाद्यावर माझ्या मते सगळ्यांत जास्त खुलणारी मराठी गाणी हीच. खाडीकाठच्या ठाण्यात राहून ती वाजवायची नाहीत तर काय वाजवायचं!

३ ऑगस्ट

पट्टी बदलणं. पेटीवर आपण सा सरकवतो, किंवा स्केल चेंजर असला तर पट्ट्याच सरकवतो. इथे कॅपो, म्हणजे मानेवर सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, ₹४५०. बोटांचे आकार तेच ठेवून आख्खी पट्टी वर जाते. आपल्या भाषेत हिशेब असा.

काळी एक हवी: कॅपो पहिल्या फ्रेटवर, सीचे आकार. काळी दोन: कॅपो तिसऱ्यावर सीचे, नाहीतर पहिल्यावर डीचे आकार (डी २२२०). पांढरी चार: कॅपो नको, एफ हाच सा. काळी चार: कॅपो पहिल्यावर, जीचे आकार. काळी पाच: कॅपो पहिल्यावर, एचे आकार (ए २१००). म्हणजे सी, डी, जी, ए हे घरचे झाले की एका फ्रेटच्या कॅपोत बहुतेक बायका-पुरुषांचे गळे सांभाळता येतात.

ई मेजरने मात्र छळलं. सगळीकडे ४४४२ दाखवतात, तीन तारा एका बोटाने दाबून. माझ्याकडून एकतरी तार मुकी राहायची. १४०२ घ्या. तेच स्वर, बोटं सुटी.

कॅपो फ्रेटच्या अगदी जवळ लावा आणि लावल्यावर पुन्हा सूर तपासा. फार घट्ट कॅपो तार ओढून स्वर चढवतो.

२३ ऑगस्ट, शनिवार

गेल्या आठवड्यातल्या पावसात पेटीच्या दोन पट्ट्या फुगून बसल्या, युकुलेलेला काही झालं नाही. लॅमिनेट घेतल्याचं समाधान. पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या आहेत, फ्रेट कोरड्या फडक्याने पुसते, कारण घामाने ते हिरवट पडायला लागले होते.

आजची तारीख या वाद्याची आहे म्हणून एवढं लिहिते. २३ ऑगस्ट १८७९ रोजी 'रेव्हन्सक्रॅग' नावाचं जहाज मदेरा बेटावरून पोर्तुगीज मजूर घेऊन होनोलुलूला पोचलं. त्यात मॅन्युएल नूनेस, ऑगुस्तो दिआस आणि जोझे दो एस्पिरितो सांतो हे तीन सुतार होते. ऊसमळ्यातली मुदत संपल्यावर त्यांनी वाद्यं बनवायला घेतली, आणि मदेरातल्या छोट्या तंतुवाद्यापासून युकुलेले घडलं. राजा कालाकाउआने त्याला दरबारात जागा दिली. आपली हातभात्याची पेटी कोलकात्यात द्वारकानाथ घोष यांनी केली ती साधारण त्याच सुमाराला, १८७५ साल सांगतात. दोन्ही वाद्यं परक्या किनाऱ्यावर जाऊन तिथली झाली. फरक इतकाच की आपल्या पेटीला १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीवर बंदी सोसावी लागली. म्हणून कुणी युकुलेलेला "आपलं नाही" म्हटलं की मला पेटीची आठवण येते आणि मी वाजवत राहते.

२९ ऑगस्ट

गणपती बसून दोन दिवस झाले. खालच्या सोसायटीतल्या काकूंनी आग्रह केला, "अगं, आण की तेही आरतीला." नेलं. दोन गोष्टी अडल्या.

एक, मंडळाची पेटी ४४०ला, म्हणजे ट्यूनरच्या नेहमीच्या प्रमाण सुराला, नाही. युकुलेले ट्यूनरवर अचूक आणि पेटीशेजारी बेसूर. दोष कुणाचाच नाही, पेटी जुनी आहे आणि सूर तिचाच चालणार. असं करा: पेटीत खर्जाचे सूर बंद करून फक्त नर (खर्जाच्या एक सप्तक वरचे सूर) ठेवा, पांढरी सहा दाबून धरा आणि पहिली तार छेडा. दोन स्वरांत अंतर असेल तर आवाजात डोलणं ऐकू येतं. खुंटी हळू फिरवत गेलं की डोलणं मंद होतं आणि थांबतं. तिथे तार लागली. मग ट्यूनरचं कॅलिब्रेशन ४४० वरून सरकवत त्या तारेवर हिरवा दिवा येईपर्यंत न्या (आमचं ४४३ला आलं) आणि बाकीच्या तारा त्यावर लावा. कॅपो लागणार असेल तर तो हे सगळं झाल्यावर लावा आणि सूर पुन्हा तपासा.

दोन, आवाज. झांजा, टाळ, ढोलकी आणि वीस गळे. युकुलेले मला स्वतःला ऐकू येईना. जोरात छेडलं तर तारा फ्रेटवर आपटून झणझणल्या आणि स्वर चढला. माइक लावण्यात अर्थ नव्हता. आरतीला पेटीच बरी. आरतीनंतर प्रसाद वाटून झाल्यावर पोरं भोवती बसली, तेव्हा बाहेर काढलं आणि तिथे ते शोभलं. एका चौथीतल्या मुलीला ०००३ दाखवला, ती गौरी जाईपर्यंत रोज येऊन वाजवून जाईल असं दिसतंय.

१४ सप्टेंबर

मे महिन्यात लिहिलं होतं त्याचा उलगडा झाला. चाली वाजवायला घेतल्या की अर्ध्याहून अधिक गाणी अडतात, कारण मराठी भावगीत मंद्र पंचमापर्यंत सहज उतरतं आणि पांढरी एकच्या साखाली या वाद्यात काहीच नाही. मंद्र नी सुद्धा नाही. तो स्वर वरच्या सप्तकात घेतला की चाल लंगडते.

उपाय सा हलवण्याचा. सा पांढरी चारला, म्हणजे दुसऱ्या तारेच्या पहिल्या फ्रेटवर. मग तिसरी तार खुली मंद्र पंचम होते, २ मंद्र धैवत, दुसरी तार खुली मंद्र निषाद. वरच्या बाजूला पहिल्या तारेचा ८वा फ्रेट तार षड्ज, १२वा तार गंधार. एवढ्यात बहुतेक गाणी मावतात. कॉर्ड एफ, सी आणि बी फ्लॅट (३२११). शेवटचा आडव्या बोटाचा आहे, वेळ खातो. पहिल्या दोन तारा एका बोटाने दाबायच्या; बोट थोडं कडेवर झुकवलं तर स्वर स्वच्छ येतो.

आतापर्यंतचा खर्च: वाद्य ४,२००, ट्यूनर ३५०, तारा ६००, नट ४००, पॉलिश पेपर ४०, बटण-पट्टा ३५०, कॅपो ४५०. एकूण ₹६,३९०. वाद्याची किंमत हीच पूर्ण किंमत समजून बजेट करू नका. शिकवणी लावली नाही.

७ ऑक्टोबर

काल कोजागिरी, गच्चीवर. सा पांढरी चार धरला, तो बहुतेक बायकांच्या गळ्याला बसला. ढोलकीवाल्या दादांना आधीच सांगितलं होतं, "दादा, बोटांनीच वाजवा." त्यांनी ऐकलं म्हणून युकुलेले ऐकू आलं. दूध आटेपर्यंत कोळीगीतं, नंतर भावगीतं. चंद्र वर आल्यावर हवा दमट झाली आणि तारा उतरायला लागल्या. दोन गाण्यांमध्ये सूर लावून घ्यावा लागत होता. बी फ्लॅट दोनदा मुका गेला, कुणाला कळलं नाही, मला कळलं. पेटी घरीच होती. कुणीतरी पट्टी चुकवली तर मी सावरायला गेले नाही, आम्ही सगळेच हसून पुन्हा सुरू केलं. हेच हवं होतं.

१९ ऑक्टोबर, रविवार

मंद्र स्वरांचा दुसरा इलाज तपासला: चौथी तार एका सप्तकाने खालची, लो जी. सुटी तार ₹३५०. बसवली. पांढरी एकच्या साला आता मंद्र पंचमापासून सगळं मिळतं, आणि ००३३ ऐकून तर अंगावर काटा आला. मंद्र प, सा, प, तार सा. तंबोऱ्याची पहिली तार जिथे लागते तिथूनच सुरुवात.

पण दोन अडचणी. तार जाड, खाच अरुंद. ती खाचेत पूर्ण बसत नाही, वर राहते आणि पहिल्या फ्रेटवर पुन्हा तोच चढा स्वर. खाच रुंद केली तर नंतर जुनी बारीक तार तिथे डुगडुगेल. आणि केरव्यात छेडताना वरच्या जीमुळे येणारा किणकिणाट गेला, कोळीगीतं जड वाटायला लागली. मला गाण्यासाठी एक हवं आणि ठेक्यासाठी दुसरं.

म्हणून खाचेला कानस लावली नाही. तार काढून ठेवली, जुनी परत बसवली. काकांना फोन केला. ते म्हणाले, नट नुसता चिकटवलेला असतो, दुसरा जाड खाचेचा करून देतो, ₹३००, हवा तेव्हा बदला. पण दर वेळी नट काढणं-लावणं मला झेपणारं नाही. त्यापेक्षा तो नट घालून एक साधं कॉन्सर्ट कायमचं लो जीचं करायचं आणि ते गाण्यासाठी ठेवायचं, असं ठरतंय. भाऊबीजेनंतर दुकानात जाऊन बाराव्या फ्रेटची परीक्षा पुन्हा घेते. वाद्य ठरलं की तारांची जाडी मोजून नट काकांकडे टाकेन आणि फ्रेटवरचे सेंट इथे लिहीन.